आटे, गोळी आणि काडतूस

आमच्या बेलपाड्याचा तालुका पनवेल. त्याला लागून असलेल्या पेण तालुक्यात वरसई आहे. तेथील विष्णुभट गोडसे यांच्या, १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माझा प्रवास’मध्ये शिपायांच्या तोंडची काडतुसांची हकीकत येते. वाचणारा चरबीपाशी थांबतो. ती मुळात लागली कशाला, हे क्वचितच विचारले जाते.

कोकणातली ठासणीची बंदूक आतून गुळगुळीत. तिला छर्रे काय, गोळी काय, दोन्ही चालतात. १८५३ च्या एनफील्डच्या ०.५७७ इंची नळीत मात्र तीन आटे होते. गोळी तोंडातून सहज उतरावी आणि बार उडताच फुगून आट्यांत घट्ट बसावी, अशी योजना. ती सहज उतरावी म्हणून वंगण लावलेला कागद.

गोळी आखूड, म्हणून आट्यांचा पीळ ७८ इंचांत एक फेरा. त्याच दशकात व्हिटवर्थने षट्कोनी नळी ०.४५१ इंचांवर आणली. वजन तेच राखल्याने गोळी लांबली, आणि फेरा २० इंचांवर आणावा लागला. लांब गोळीला गिरकी अधिक हवी, नाहीतर ती हवेत कोलमडते. १८७९ मध्ये ग्रीनहिलने सूत्र दिले: व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले लांबी. ०.४५ इंची गोळी एक इंच लांब असेल तर फेरा सुमारे ३० इंचांत. दीड इंच असेल तर २०.

गोळी आणि नळी यांचे असे बारकाईने जुळवले गेले. ते काडतूस दातांनी फोडणाऱ्या माणसाचे मात्र कोणी जुळवून पाहिले नाही. १८५७ मला तिथे समजते.