आसरा

जळगाव शहराचाच एक भाग बनलेले मेहरूण दोन गोष्टींसाठी खानदेशात प्रसिद्ध आहे. एक तेथील विस्तीर्ण तलाव आणि दुसरी तेथील मधुर बोरे. तलावाच्या काठी पहाटे फिरावयास येणाऱ्यांची वर्दळ असते. त्यांच्या पावलांशी पावले जुळवीत आणखी काही जीव तेथे हिंडताना दिसतात. ते म्हणजे कोणाच्याच मालकीची नसलेली कुत्री. कोणी त्यांना मोती म्हणतो, कोणी राजा, कोणी वाघ्या. परंतु ज्याला दहा जण दहा नावांनी हाका मारतात, त्याला स्वतःचे असे एकही नाव नसते. फिरणारी माणसे उन्हे वर येताच आपापल्या घरी परततात. हे जीव मात्र तेथेच राहतात.

वैशाखात खानदेशचे ऊन चाळीस अंशांच्याही पुढे जाते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच त्याला अंगातील उष्णता कमी करावी लागते. अशा वेळी एखाद्या दारापुढे पाण्याने भरलेले मातीचे भांडे दिसले, तर त्याला केवढा दिलासा मिळत असेल! असे भांडे भरून ठेवणारी माणसे गावोगावी आहेत, हे आपले भाग्यच होय.

मुक्या प्राण्यांवर दया करावी, ही शिकवण आपल्याकडे नवी नाही. कोरडी भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या संत नामदेवांची कथा महाराष्ट्रातील घराघरांत सांगितली जाते. महाभारतातील धर्मराजाची कथाही सर्वांना ठाऊक आहे. सोबत आलेल्या कुत्र्याला मागे टाकून मिळणारा स्वर्गही त्याने नाकारला. या दोन कथांत एक सूक्ष्म भेद आहे. नामदेवांची दया क्षणात उचंबळून आलेली आहे. धर्मराजाची निष्ठा शेवटच्या पावलापर्यंत टिकलेली आहे. भुकेल्याला घास देण्यास पहिली पुरते. परंतु एखाद्या जीवाला घरात आणावयाचे असेल, तर दुसरीवाचून चालत नाही.

मोकाट जनावरांसाठी निवारे कसे उभे राहिले, याचा इतिहासही मनोरंजक आहे. १८३२ साली मुंबईच्या इंग्रज सरकारने रस्त्यावरील कुत्री मारण्याची मोहीम काढली आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आण्यांचे बक्षीस ठेवले. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान आहे. लोक संतापले, दुकाने बंद झाली, दंगा उसळला. पुढे दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि त्यांच्यासोबतच्या व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ स्थापन झाला. निराधार जनावरांना तेथे चारापाणी आणि संरक्षण मिळू लागले. अशा पांजरपोळांत आज मुख्यतः गाईगुरेच दिसतात. टाकून दिलेल्या, अपघातात सापडलेल्या कुत्र्यामांजरांसाठी आता अनेक शहरांत प्राणिप्रेमी मंडळींनी निराळे निवारे चालविले आहेत.

तथापि निवारा म्हणजे घर नव्हे. तेथे जखमेवर औषध मिळते, वेळेवर अन्न मिळते. परंतु सांभाळणारे हात थोडे आणि जीव पुष्कळ. एका प्राण्याला घर मिळाले, की तेथील एक जागा रिकामी होते आणि रस्त्यावरच्या दुसऱ्या प्राण्याला तेथे प्रवेश मिळतो. म्हणून जो एकाला घरी नेतो, तो खरोखर दोघांचे रक्षण करतो.

निवाऱ्यात गेलेल्यांची नजर बहुधा गोजिरवाण्या पिलांवर खिळते. कोपऱ्यात बसलेला म्हातारा कुत्रा, एका पायाने अधू असलेली मांजरी यांच्याकडे क्वचितच कोणी वळते. खरे पाहता, वयात आलेल्या प्राण्याचा स्वभाव आधीच कळतो. तो शांत आहे की खोडकर, मुलांत रमतो की एकटा राहतो, हे निवाऱ्यातील माणसे सांगू शकतात. आपले गावठी कुत्रे तर इथल्या उन्हापावसाला सरावलेले असते. दूरच्या थंड प्रदेशातील केसाळ जातीचा कुत्रा विकत आणून त्याला जळगावच्या उन्हाळ्यात तळमळत ठेवण्यात कसली हौस?

घरी आणण्यापूर्वी मात्र घरातील वडीलधाऱ्यांची संमती हवी. कुत्रा किंवा मांजर दहा-बारा वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगते. त्याला रेबीजची लस टोचून घ्यावी लागते व ती पुन्हा वेळच्या वेळी द्यावी लागते. नको असलेली पिल्ले जन्मून रस्त्यावर येऊ नयेत, म्हणून पशुवैद्याकडून शस्त्रक्रियाही करून घ्यावी लागते. अनोळखी जनावर कितीही गोंडस दिसले, तरी मुलांनी त्याला एकट्याने हात लावू नये. कोणतेही जनावर चावले, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. दयेला सावधपणाची जोड असेल, तरच ती दोघांच्याही हिताची ठरते.

नव्या घरात आलेली मांजरी पहिले काही दिवस कपाटामागेच दडून राहते. पूर्वी मार खाल्लेला कुत्रा नुसता हात उचलला तरी अंग चोरतो. त्यांना ओढून बाहेर काढू नये. जवळ अन्न ठेवावे, हलक्या आवाजात बोलावे आणि वाट पाहावी. एके दिवशी ती मांजरी आपण होऊन पायांशी अंग घासते, तो कुत्रा हातातून घास घेतो. तो विश्वास पैशाने विकत मिळत नाही.

हा विश्वास मोडणारेही आहेत. दिवाळीच्या सुटीत हौसेने आणलेले पिल्लू उन्हाळ्यापर्यंत मोठे होते. मग त्याचे भुंकणे नकोसे वाटते आणि एखाद्या रात्री त्याला दूर नेऊन सोडले जाते. रस्त्यावर जन्मलेला प्राणी रस्त्याच्या रीती शिकलेला असतो; घरात वाढलेल्याला त्या कोठून ठाऊक असणार? तो सोडलेल्या जागीच, मालक येईल म्हणून, वाट पाहत बसतो.

भारतीय संविधानाने प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे नागरिकांचे कर्तव्य मानले आहे. ते प्रत्येकाने आपल्या शक्तीनुसार पार पाडावे. ज्यांच्या घरी जागा आणि वेळ आहे, त्यांनी एका जीवाला आसरा द्यावा. ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी दारात पाणी ठेवावे, जखमी जनावराची वर्दी निवाऱ्याला द्यावी. त्यातही कमीपणा नाही. कमीपणा आहे तो, आसरा देऊन पुन्हा काढून घेण्यात.