पस्तीस चेंडू

बदलीचा हुकूम माणसाचे बिऱ्हाड हलवितो, क्रिकेटमधली निष्ठा हलवीत नाही. जयपुरात आम्हांस पुष्कळ वर्षे झाली, दाल-बाटी अंगवळणी पडली. परंतु संघ आमचा मुंबईचाच. सवाई मानसिंह स्टेडियमवर राजस्थान रॉयल्सचे सामने पाहावयास जात असू ते शेजारधर्म म्हणून. २०२५ च्या एप्रिलमध्ये एका मुलाने या निष्ठेची पंचाईत करून टाकली.

वैभव सूर्यवंशी बिहारमधल्या समस्तीपूर जिल्ह्यातला, डावखुरा. १९ एप्रिलला तो येथे प्रथम उतरला तेव्हा वय १४ वर्षे २३ दिवस. या वयात आमच्या चिरंजीवांना आम्ही एकट्याने सांगानेरलासुद्धा जाऊ दिले नव्हते! गोलंदाज पालघरचा शार्दुल ठाकूर, म्हणजे आमचा कल उघडच त्याच्याकडे. पहिल्याच चेंडूवर मुलाने षटकार मारला. ३४ धावा करून बाद झाला आणि डोळे पुसत परतला. ते डोळे पुसणे आमच्या घरच्या मंडळींच्या विशेष लक्षात राहिले.

२८ एप्रिलला गुजरातने २०९ धावा केल्या. उत्तरादाखल या मुलाचे शतक ३५ चेंडूंत झाले, तेही भल्याभल्यांना चकविणाऱ्या रशीद खानला षटकार मारून. एकंदर ११ षटकार, ७ चौकार. दुखावलेल्या पायामुळे चाकांच्या खुर्चीत बसलेले प्रशिक्षक राहुल द्रविड ताडकन उठून उभे राहिले. मराठी घरातला, इंदूरला जन्मून बंगळुरात वाढलेला हा गृहस्थ म्हणजे आपल्यासारखाच परमुलखातला. त्याचे उभे राहणे आम्हांस शतकाइतकेच मोलाचे वाटले.

त्या रात्री एक मराठी नाव मात्र पुसले गेले. वीस षटकांच्या सामन्यांत सर्वांत लहान वयाच्या शतकाचा मान तोवर जालन्याच्या विजय झोलकडे होता: १८ वर्षे ११८ दिवस, २०१३ मध्ये महाराष्ट्राकडून मुंबईविरुद्ध. त्यापूर्वी २०११ मध्ये एकोणीस वर्षांखालील सामन्यात त्याने आसामविरुद्ध नाबाद ४५१ केल्या होत्या; २०१४ च्या युवा विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. भारताच्या मुख्य संघापर्यंत तो पोहोचला नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीत जो तो सूर्यवंशीला सचिनच्या पंक्तीस बसवीत असता आम्हांस झोल आठवत होता. चौदा वर्षांच्या पाठीवर एवढी स्तुती लादताना आपण मोठी माणसे फार उदार होतो, असे आमचे मत आहे.

१ मे, महाराष्ट्र दिन, आणि त्याच मैदानावर मुंबईचा सामना! आम्ही मुंबईची निळी टोपी घालून गेलो. सूर्यवंशी दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर बाद झाला. आमच्या भोवतालची मुंबईकर मंडळी टाळ्या पिटीत उठली. आम्हांस काही केल्या उठवेना. मुंबई १०० धावांनी जिंकली. सामना संपल्यावर रोहित शर्माने त्या मुलाशी दोन शब्द बोलून त्याला धीर दिला. टोपी हातात घेऊन आम्ही गर्दीबरोबर बाहेर पडलो.