मूळची बैठक

आमच्या भागातली गाडी मागून बघावी. पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात संत्र्याचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावरच्या प्रत्येक रिकाम्या पिकअपचं मागचं अंग उचललेलं दिसतं, बोनेट खाली आणि हौदा वर. बागेत माल भरला की तीच गाडी सपाट होते आणि नागपूरच्या दिशेने निघते. नव्या गाडीचे पेढे वाटून झाले की ती आधी कमानपाटेवाल्याच्या दारात जाते, एकदोन पाटे वाढवून येते, आणि मगच मालक निर्धास्त होतो. आंबिया बहाराचा माल ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत, मृगाचा फेब्रुवारीपासून पुढे. बागेपासून डांबरीपर्यंतची वाट काळ्या मातीची. पावसात ती चाक गिळते आणि पाऊस सरला की चाकोऱ्या कडक वाळून बसतात. अशा वाटेला मागचं अंग उंच हवं, हे इथलं शहाणपण आहे आणि मला ते पूर्ण मान्य आहे. त्यामुळे सावरगावच्या आमच्या अंगणातल्या जुन्या गाडीचं मागचं अंग खाली आणायचं मी ठरवलं, तेव्हा घरीदारी कुणालाच ते रुचलं नाही.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. बाबांनी ती नागपूरहून जुनी घेतली होती. तिचा जन्म कुर्ल्याचा, वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातला. पण वंश इटलीचा. तुरिनच्या फियाट कंपनीत दान्ते जाकोझा या इंजिनिअरच्या हाताखाली घडलेली फियाट ११००-१०३ ही गाडी १९५३ साली बाजारात आली. आपल्याकडे पन्नाशीच्या दशकातल्या गोल पाठीच्या फियाटला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत, आणि ते प्रेमानेच म्हणत. मग १९६४ पासून डिलाइट आली, आणि तीच चौकोनी, नीटस गाडी सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन पुढे, चाल मागच्या चाकांना, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या मानेला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. तिथली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्याच महिन्यात आमचा पांढुर्णा जिल्हा छिंदवाड्यातून वेगळा झाला, म्हणून ती तारीख माझ्या चांगली लक्षात आहे.

बाबांच्या हाती ही शहरातली गाडी बागाईतदाराची झाली. हंगामात मागचं सीट निघून ओसरीत यायचं आणि त्या जागी संत्र्याच्या पेट्या चढायच्या. डिकीत खताची पोती, फवारणीचा पंप, कधी डिझेलचा डबा. चार माणसं आणि त्यांच्या बॅगा एवढाच भार मनात धरून घडवलेले पाटे त्याखाली बसले, म्हणजे त्यांची कमान गेली. मग केव्हातरी, कुठल्याशा गॅरेजमध्ये, तिच्या मागच्या पाट्यांत दोन्ही बाजूंना एकेक जाड पाटा वाढवला गेला. गाडी वर आली, पेट्या गेल्या-आल्या, घर चाललं. तो पाटा घालणाऱ्याविषयी माझ्या मनात कसलीच तक्रार नाही.

पण आता पेट्या पिकअपमधून जातात आणि पद्मिनीत माणसंच बसतात. रिकाम्या गाडीत तो जाडा पाटा हलतसुद्धा नाही. प्रत्येक खड्डा सरळ पाठीच्या मणक्यात. ब्रेक दाबला की मुळातच वर असलेलं मागचं अंग आणखी हलकं होतं आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं अडकून घसरतात. हेडलाइटचा झोत पुढच्या चार हातांत जमिनीत शिरतो. आणि आईला तिच्यात चढायला पाय इतका वर घ्यावा लागे, की गुडघ्यांमुळे ती लग्नकार्यालाही यायचं टाळू लागली होती. माझ्या दृष्टीने हे शेवटचं कारण सगळ्यांत मोठं.

गाडी खाली घेण्याचे मार्ग पुष्कळ आहेत, आणि त्यांतले बरेच मला पटत नाहीत. ज्या गाड्यांना मागे गुंडाळी स्प्रिंग असते, त्यांना आखूड स्प्रिंग घालतात. घाईत असलेले लोक आहे तीच स्प्रिंग कापतात. यातली गोम समजून घेण्यासारखी आहे. तार तीच राहिली आणि वेटोळे कमी झाले, की स्प्रिंग त्याच प्रमाणात ताठ होते. आठ वेटोळ्यांपैकी दोन कापले, तर उरलेली सहाची स्प्रिंग तिसऱ्या हिश्शाने जास्त ताठ. वर गाडी खाली आल्यामुळे चाकाला वर उचलायला जागा कमी उरते. म्हणून जाणते कारागीर आखूड स्प्रिंग घडवताना ती जाणूनबुजून ताठ ठेवतात आणि तिच्या जोडीला आखूड दांड्याचे शॉकअप घेतात. नुसती गॅसने कापलेली स्प्रिंग मात्र घातक: आचेने त्या जागचं पाणी उतरतं, आणि चाक खड्ड्यात लोंबलं की सैल पडलेली स्प्रिंग आपल्या वाटीतून निसटू शकते.

पद्मिनीला गुंडाळी स्प्रिंग फक्त पुढे. मागे पाटे. पाट्यांचा हिशेब उलटा आहे, आणि मला तो फार आवडतो. एक पाटा काढला की गाडी खालीही येते आणि मऊही होते. रॉबर्ट हूकने १६७८ साली स्प्रिंगविषयी छापून ठेवलेला नियम साधा आहे: भार दुप्पट, तर दबणं दुप्पट. त्यातूनच गाडीचा हेलकावा ठरतो. उभ्या गाडीच्या वजनाने स्प्रिंग २५ सेंटीमीटर दबत असेल तर गाडी सेकंदाला एकदा झुलते. ६ सेंटीमीटरच दबत असेल तर दोनदा. सेकंदाला एक-सव्वा झोका माणसाच्या अंगाला मानवतो. दोनच्या पुढे गेला की पोटातलं पाणी हलतं. आमच्या गाडीला तो जाडा पाटा घालून कुणीतरी तिचा झोकाच काढून घेतला होता.

पाटे आणि मागचा आस यांच्या मध्ये लोखंडी ठोकळा घालायचा, हाही एक रिवाज आहे. आस पाट्याच्या वर बसलेला असेल तर ठोकळ्याने गाडी खाली येते. ट्रकला पाटे आसाच्या वर असतात. तिथे तोच ठोकळा गाडीला उंच करतो. काम झटपट होतं, पण ताठरपणा जिथल्या तिथे राहतो. मला तो नको होता.

गाडी खाली घेण्याच्या वेडाचा एक इतिहास मला फार जवळचा वाटतो. कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात, मेक्सिकन वंशाची कष्टकरी वस्ती. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास तिथल्या तरुणांनी जुन्या शेव्हरलेट गाड्या घेतल्या आणि त्या खाली बसवण्यासाठी डिकीत वाळूची, सिमेंटची पोती भरली. पुढे कुणी स्प्रिंगा कापल्या. गोऱ्या पोरांच्या गाड्या वेगासाठी होत्या. यांना आपली गाडी रविवारी संध्याकाळी, जमिनीलगत, अगदी सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी चालवायची होती. ज्यांना शहरात कुणी मान देत नव्हतं, त्यांनी तो असा मिळवला. १९५८ पासून तिथे कायदाच लागू झाला, की चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा कुठलाही भाग खाली असता कामा नये. पुढच्याच वर्षी रॉन अगिरे या तरुणाने आपल्या कॉर्व्हेटला तेलदाबाचे पंप बसवून बटणासरशी गाडी वर-खाली करून दाखवली: पोलीस दिसला की वर, गेला की खाली. ते कलम अखेर २०२४ च्या पहिल्या दिवसापासून उठलं. त्यांनी पोती भरून गाडी खाली बसवली, आमच्याकडे पोत्यांनी बसलेली गाडी पाटे घालून वर काढली. पोत्यांचं वजन दोन्हीकडे सारखंच असेल. फरक इतकाच, की त्यांची पोती हौसेची होती आणि आमची पोटाची.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, मूळ नोंदीशी न जुळणारा फेरफार करू देत नाही. मला फेरफार करायचाच नव्हता. कुर्ल्यातून निघताना गाडी जितकी उंच होती तितकीच तिला बसवायची होती. २०२१ साली केंद्राने पन्नाशी ओलांडलेल्या जुन्या मोटारींसाठी वेगळी नोंदणी आणली, तीतही अट हीच, की गाडी मूळ स्वरूपात हवी. आमची पद्मिनी त्या वयाची नाही, पण नियमामागचा विचार मला रास्त वाटतो.

काम नागपूरजवळ वाडीला केलं. मिस्त्री वयस्क, हातावर घणाचे घट्टे. त्यांनी गाडी उचलून टेकूंवर घेतली, यू-बोल्टच्या गंजलेल्या नटांवर रॉकेल सोडलं आणि चहा मागवला. नटा सुटल्यावर पाट्यांचा जुडगा जमिनीवर आला. सेंटर बोल्ट काढला तसे पाटे एकमेकांपासून सुटले, आणि मध्ये काय काय होतं! आमच्या बागेतली काळी माती, तिचा लोखंडाला चिकटून खापरीसारखा झालेला थर. तांबड्या गंजाची भुकटी. आणि प्रत्येक पाट्याच्या टोकाने वरच्या पाट्याला घासून पाडलेली लखलखीत खाच. मिस्त्रींनी प्रत्येक पाटा टांगून हातोडीने वाजवला. तडा गेलेला पाटा बद्द बोलतो. एकही बद्द बोलला नाही. मग त्यांनी तो जाडा पाटा बाजूला सरकवला.

“भाऊ, हा पाटा हिचा नाई.”

भोक थोडं वाकडं, मागाहून पाडलेलं. जाडी निराळी, कमान जवळजवळ नाहीच. जीपच्या घराण्यातला असावा, असं ते म्हणाले. तो काढला तर गाडी फार बसणार नाही ना, असं मी विचारलं. त्यांनी डिकीकडे पाहिलं. “आता काय भरता हिच्यात?” काही नाही, माणसंच, म्हटल्यावर ते म्हणाले, “मंग बसू द्या तिले.”

नुसता पाटा काढून भागणार नव्हतं, कारण मूळचे पाटेही भाराने थकले होते. उजवी बाजू डावीपेक्षा जास्त बसलेली; एकट्या ड्रायव्हरने वर्षानुवर्षं चालवलेल्या गाडीचं असंच होतं. मिस्त्रींनी फरशीवर खडूने कमानीची रेघ ओढली. दोन्ही बाजूंच्या मेन पाट्यांना एकाच रेघेवर आणायचं होतं. त्यांनी भट्टी पेटवली नाही. थंड पाटा ऐरणीवर धरून, घणाचे जवळजवळ घाव घालत, तो बोटाबोटाने पुढे सरकवत ते त्याला पुन्हा कमान देत गेले. तापवला तर काम लवकर होतं, पण मग पुन्हा पाणी द्यावं लागतं, आणि पाणी चुकलं तर पाटा महिन्याभरात आडवा होतो किंवा मोडतो. दर थोड्या वेळाने ते पाटा रेघेवर उभा धरून एक डोळा मिटून बघत. दुपारभर मी त्या डोळ्याकडे बघत होतो. मोजपट्टी खिशात होती, ती त्यांनी अगदी शेवटी काढली.

जोडणीतली एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, कारण ती घाईत सगळीकडे चुकते. पाट्याच्या डोळ्यात आणि शॅकलमध्ये रबरी बुश असतात. गाडी टेकूवर टांगलेली असताना त्यांच्या नटा आवळल्या, तर चाकांवर उतरताच ते रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं. गाडी तिच्या उंचीवर येत नाही आणि बुश लवकर फाटतात. मिस्त्रींनी नटा सैल ठेवून गाडी खाली उतरवली, दोन पोरांना मागे बसवलं, मागचं अंग चारपाच वेळा दाबून सोडलं, आणि मग खाली शिरून नटा आवळल्या. मडगार्डाची कड आणि फरशी यांच्यातलं अंतर दोन्हीकडे सारखं भरलं. मागचं अंग खाली आलं म्हणजे झोत वर चढतो, म्हणून हेडलाइट भिंतीवर पाडून पुन्हा लावून घेतले.

काढलेले दोन्ही पाटे मी घरी आणले. पाट्याचं पोलाद लोहाराला सोन्यासारखं. त्याचा कोयता धार धरतो. एकाचे दोन कोयते झाले, बागेत वाळलेली सल काढायला ते रोज हातात असतात. दुसरा अजून गोठ्याच्या भिंतीला टेकून आहे.

नंतर आईला घेऊन जामसावळीच्या मारुतीला गेलो. दार उघडलं, ती आधी सीटवर टेकली आणि मग पाय आत घेतले, कुणाचा हात न धरता. सौंसरकडच्या रस्त्यावर एका रपट्यावरून गाडी गेली तेव्हा मागचं अंग एकदा दबलं, वर आलं आणि थांबलं. आईने विचारलं, “सीट नवं बसवलं का रे?” मी पाट्याचं सांगितलं. ती म्हणाली, मग पुढच्या आठवड्यात मोहगावला मामीकडे जाऊन येऊ, बरेच दिवस झाले. त्याआधी मला मागचे शॉकअप बदलायचे आहेत. पाटे मोकळे झाल्यावर जुन्यांचा दम संपल्याचं आता कळतंय, वळणावर मागचं अंग एक झोका जास्त घेतं.