भांगाचे दिवस

भाऊबिजेला आमच्या घरातून आगरदांड्याला जाणे हा गेल्या अठरा वर्षांचा नेम आहे. ओवाळणी बहिणीला मिळते, मासे मला मिळतात आणि मेहुण्यांना त्यांची हौस ऐकवायला हक्काचा श्रोता मिळतो. या हौशी दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. मधमाश्या झाल्या, होमिओपाथी झाली. गेल्या खेपेला रिक्षातून उतरतो न उतरतो तोच नानांनी मला हाताला धरून थेट वाडीत नेले. नारळी-पोफळींच्या मध्ये सिमेंटचा हौद, त्यावर बगळ्या-खंड्यांपासून राखण म्हणून जाळे, आणि जाळ्याखाली सात मासे. कोणी तांबडापांढरा, कोणी काळापिवळा. जणू हळदीकुंकवाचे तबक पाण्यात सांडले होते.

“प्रोफेसर, कोई!” नाना म्हणाले.

“कोणी?” मी म्हणालो. आमचा विनोद हा असा असतो.

नाना हसले नाहीत. त्यांनी खिशातून एक वही काढली. क्रॉफर्ड मार्केटातल्या दुकानदाराने सांगितलेली आणि पुढे पुस्तकांतून पडताळून घेतलेली जपानी नावे तीत देवनागरीत उतरवली होती. बँकेत तीस वर्षे खतावण्या लिहिलेल्या माणसाचे ते अक्षर होते. “तुम्ही भाषेचे लोक. मला यातली संगती लावून द्या,” असे म्हणून त्यांनी वही माझ्या स्वाधीन केली आणि स्वतः पंप दुरुस्त करायला गेले.

मला जपानी येत नाही. पण दुपारभर पोफळीखाली खुर्ची टाकून मी ती वही वाचली, नानांची पुस्तके चाळली, आणि ही नुसती नावे नव्हेत, हे एक लहानसे व्याकरण आहे, असे लक्षात येऊ लागले. ‘कोई’ म्हणजे साधा कार्प, आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातला मासा. रंगीत झाला की त्याला म्हणायचे ‘निशिकीगोई’, आणि निशिकी म्हणजे भरजरी कापड. थोडक्यात, जरतारी मासा. पांढऱ्यावर तांबडे असेल तर कोहाकू. त्यात काळ्याची भर पडली की सान्के, म्हणजे तिरंगी. तांबड्याला ‘हि’ म्हणायचे आणि काळ्याला ‘सुमी’. सुमी म्हणजे शाई. आमच्या घरातली सुमी चांगली गोरीपान असल्यामुळे हा शब्द पचायला जरा वेळ लागला. तांबडे ठिपके पाठीवर दोन असले तर ‘निदान’, तीन असले तर सान्दान, चार असले तर योन्दान. दान म्हणजे पायरी. निदान दोन तरी ठिपके हवेत, एवढे मी लगेच पाठ केले. डोक्यापासून शेपटीपर्यंत तांबडा पट्टा नागमोडी गेला की इनाझुमा, म्हणजे वीज. ओठांवर तांबडे आले की कुचिबेनी, म्हणजे ओठाची लाली.

सगळ्यांत अडलो तो शोवापाशी. शोवाच्या अंगावरही तेच तीन रंग, मग त्याला सान्के का म्हणायचे नाही? नानांनी पंपाखालून ओरडून सांगितले, “जमीन बघा, जमीन!” मग उमगले. सान्केची जमीन पांढरी, तिच्यावर काळे शिंपडलेले, तेही पाठीवरच. डोके बहुधा मोकळे. शोवाची जमीनच काळी. तिच्यातून पांढरे-तांबडे वर आलेले असते आणि काळे डोक्यावरही चढते, पोटाकडेही उतरते. लुगड्याचे पोत आणि त्यावरची बुट्टी यांतला फरक बायकांना सांगावा लागत नाही, तो मला त्रेचाळिसाव्या वर्षी माशाने सांगितला. शोवा आणि तैशो ही तर तिकडच्या सम्राटांच्या कारकीर्दींची नावे: तैशो १९१२ ते १९२६, शोवा त्यापुढे १९८९ पर्यंत. आपण पेशवाई पगडी म्हणतो त्यातलाच प्रकार.

ही भाषा पंडितांनी घडवलेली नाही, हे मला फार आवडले. जपानच्या निइगाता प्रांतातल्या यामाकोशीच्या डोंगरात भाताची पायऱ्या-पायऱ्यांची शेते आहेत. बर्फाने वाट बंद झाली की खायला असावा म्हणून तिथले शेतकरी तळ्यात कार्प ठेवत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांत मधूनच एखादा रंगीत निपजू लागला. कोणा भातवाल्याने तो खाल्ला नाही, वेगळा काढून ठेवला. १९१४ च्या तोकियोच्या प्रदर्शनात हे मासे शहरी लोकांनी पाहिले आणि नाव झाले. २००४ च्या ऑक्टोबरात तिथे मोठा भूकंप होऊन सबंध गाव खाली करावे लागले, पुष्कळ मासे गेले. लोक परत आले आणि पुन्हा मासे वाढवू लागले.

मी उदगीरकडचा. समुद्र प्रथम पाहिला तो लग्नानंतर. पण देवणी जातीची गुरे दारात होती. सबंध पांढऱ्या अंगाचा आणि काळसर तोंडाचा तो वानेरा. पांढरा, पण खालच्या अंगाला काळे ठिपके असलेला बालंक्या. अंगभर वेडेवाकडे काळे डाग असलेला शेवरा. आजोबांबरोबर बाजारात जाताना हे मला सहाव्या वर्षी येत होते. एम.ए.च्या कोणत्याही पेपरात ते विचारले गेले नाही, म्हणून विसरायलाही हरकत नव्हती. निइगाताच्या शेतकऱ्याने ते आठवून दिले.

मग एका सकाळी कोळीण आली. नानांकडे ती वीस वर्षे मासे घालते. पाटी उतरवून ती हौदाशी आली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

“नाना, खायाचं नाय तं पालायचं कशाला?”

नानांनी तिला वहीतली नावे ऐकवली. ती शांतपणे ऐकून घेत होती. मग एका माशाकडे बोट करून हसली. पांढराशुभ्र मासा, आणि कपाळावर एकच गोल तांबडा ठिपका. जपानी लोक याला तान्चो म्हणतात. तिकडे तांबड्या डोक्याचा करकोचा असतो, त्याचे ते नाव.

“ही तं सवाशीन!” ती म्हणाली.

नानांनी वही उघडली, पेन काढले आणि तान्चोपुढे ‘सवाष्ण’ असे लिहिले. अक्षर तेच, खतावणीचे.

मग मी तिची पाटी पाहू लागलो. मला ती सगळी ‘लहान कोळंबी’ दिसत होती. तिला ती जवळा, अंबाड, करंदी अशी वेगवेगळी दिसत होती, आणि सोलून वाळवली की त्याच कोळंबीचे सोडे. चिंबोरी उलटी धरून तिने ‘लाखेची’ असल्याचे सांगितले, म्हणजे आत तांबडी अंडी भरलेली. कवच न फोडता तिला ते कसे दिसले, हे मला अजून कळलेले नाही.

“उद्या बोंबील आण,” नाना म्हणाले.

“उद्या कुठचे? भांग लागलाय. परवा अष्टमी. पान्याला जोर नाय तं डोलीत काय शिरनार? आमचा मानूस घरीच हाय.”

“भांग?” मी विचारले.

तिने माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. अमावास्या-पुनवेला उधाण, तेव्हा पाणी जोरात धावते आणि डोल जाळ्यात मासळी येते. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीला जोर नसतो, तो भांग. हे तिने मला, मराठीच्या प्राध्यापकाला, पाटी डोक्यावर घेता घेता समजावले.

ती गेल्यावर मी हौदाच्या कठड्यावर बसलो. दहा-बारा वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या वर्गात एक मुलगी होती. रोहे-मुरुडकडची, शहरात मामाकडे राहून शिकणारी. ‘माझे वडील’ या निबंधात तिने लिहिले होते, “बाबा भांगात घरी असतात, तेव्हा ते आमच्याशी खूप बोलतात.” मी तांबड्या पेनाने ‘भांगात’ खोडून ‘भांगेत’ केले होते. ‘भांग’ स्त्रीलिंगी, अशी वर टीप दिली होती, आणि समासात लिहिले होते: ‘वडिलांच्या व्यसनाचा उल्लेख निबंधात करू नये.’ तिने शब्द पुल्लिंगी चालवला होता तो काही कारणाने असेल, एवढे व्याकरण शिकवणाऱ्या माणसाच्या मनात यायला हवे होते. शब्दकोश माझ्या मागच्या कपाटात होता.

वही परत घेताना ती काही बोलली नाही. पुढच्या निबंधात एकही चूक नव्हती. वडीलही नव्हते. शिष्टाचाराचे, स्वच्छ, कोणाचेही असू शकतील असे चार परिच्छेद होते, आणि मी त्यांना चांगले गुण दिले होते.

“काय हो, मासे मोजताय?” सौभाग्यवतींनी ओटीवरून विचारले. मी हो म्हणालो. नानांनी दाणे टाकले. सवाष्ण सगळ्यांच्या आधी वर आली.

घरी परतल्यावर कॉलेजातली जुनी रजिस्टरे काढवली. तिचा गावचा पत्ता मिळाला. आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरले की पुढे फार लांब नाही. गेल्या वर्षभरात ते पत्र मी तीनदा लिहायला घेतले आहे. निळ्या शाईने घेतले आहे. ‘भांग हा शब्द पुल्लिंगी आहे’ इथवर येतो, आणि पुढचे वाक्य सुचत नाही.