सिंहाचे तोंड कोणीकडे?

१/
रेल्वे इंजिनाच्या छोट्या प्रतिकृतीवर बोधचिन्ह रंगवणे हे वरवर पाहता निव्वळ हस्तकौशल्याचे काम वाटते. पण रंगाची बाटली उघडण्यापूर्वीच एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते आणि तो प्रश्न इतिहासाचा असतो: हे इंजिन नेमके कोणत्या वर्षीचे? बोधचिन्ह म्हणजे इंजिनाच्या अंगावर लिहिलेली तारीख. ती चुकली, तर रंगकाम कितीही सुबक असले तरी प्रतिकृती खोटी ठरते. ब्रिटिश रेल्वेच्या सिंहाची कथा हेच सांगते.

२/
१ जानेवारी १९४८ रोजी ब्रिटनमधील रेल्वे कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. 'ब्रिटिश रेल्वेज' या नव्या संस्थेला इंजिनांवरील जुन्या कंपन्यांची नावे पुसून स्वतःची ओळख उमटवायची होती. १९४९ मध्ये चाकावर उभा असलेला सिंह अवतरला. त्याची ती तोल सांभाळणारी मुद्रा पाहून लोकांनी त्याला 'सायकलवरचा सिंह' असे नाव ठेवले. १९५६ मध्ये त्याची जागा नव्या चिन्हाने घेतली: मुकुटातून वर आलेला, पंजांत चाक धरलेला सिंह. त्याचीही थट्टा झालीच. रेल्वेप्रेमी त्याला 'फेरेट आणि डार्टबोर्ड' म्हणू लागले. फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा एक लहानसा प्राणी आहे.

३/
खरा पेच पुढेच होता. इंजिनाला दोन बाजू असतात. दोन्ही बाजूंचे सिंह पुढे, म्हणजे धुराड्याच्या दिशेने पाहावेत, म्हणून आरंभी डावीकडे पाहणारा आणि उजवीकडे पाहणारा असे दोन सिंह तयार करण्यात आले. मात्र हे चिन्ह 'कॉलेज ऑफ आर्म्स' या राजमान्य संस्थेने रीतसर बहाल केलेले होते. ढालींवरील आणि ध्वजांवरील कुलचिन्हांचे नियम सांभाळणारी ही संस्था. तिने मान्यता दिली होती ती केवळ डावीकडे पाहणाऱ्या सिंहाला. उजवीकडे पाहणारा सिंह नियमबाह्य ठरला आणि काही वर्षांतच तो वापरातून गेला.

४/
परिणाम मोठा गमतीदार झाला. इंजिनाच्या डाव्या बाजूचा सिंह पुढे पाहत राहिला, तर उजव्या बाजूचा सिंह मागे, टेंडरच्या शेवटाकडे पाहू लागला. डोळ्यांना विजोड वाटणारी ही मांडणीच नियमाप्रमाणे योग्य होती. म्हणून प्रतिकृतीवर दोन्ही सिंह पुढे पाहणारे लावले, की इंजिन आपोआप १९५६ नंतरच्या त्या मोजक्या वर्षांत जाऊन उभे राहते. सौंदर्यदृष्टी एक सांगते आणि कालक्रम दुसरेच. निवड कालक्रमाने करायची असते.

५/
मग छायाचित्र पाहून ठरवावे, असे कोणी म्हणेल. पण छायाचित्रही साक्षीदारच आहे आणि साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते. निगेटिव्ह उलटी ठेवून छापली गेली, तर डावीकडे पाहणारा सिंह उजवीकडे पाहताना दिसतो. अशा वेळी इंजिनाचा क्रमांक वाचावा. आकडे उलटे असतील, तर दोष सिंहाचा नसून छपाईचा आहे.

६/
केवळ वर्ष कळूनही भागत नाही. नवे चिन्ह जाहीर झाले म्हणून सारी इंजिने एका रात्रीत बदलत नाहीत. एखादे इंजिन मोठ्या दुरुस्तीसाठी कार्यशाळेत जाते, तेव्हाच त्याला नवा रंग मिळतो. त्यामुळे नवा सिंह आल्यावरही कित्येक इंजिने 'सायकलवरचा सिंह' मिरवत धावत होती. धोरणाची तारीख आणि अंमलबजावणीची तारीख यांतील अंतर इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवे नाही. इथे ते इंजिनाच्या अंगावर उघड दिसते.

७/
१:७६ या प्रमाणात एक फूट लांबी चार मिलिमीटर होते आणि एक इंचाची रेघ मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढी उरते. या मापात सिंहाची आयाळ मास्किंग करून रंगवणे जवळजवळ अशक्यच. तिथे पाण्यात भिजवून सरकवायचे ट्रान्सफर वापरतात. मूळ इंजिनांवरही सिंह ट्रान्सफरनेच उमटवला जात असे.

८/
१९६५ मध्ये चित्र पालटले. 'डिझाइन रिसर्च युनिट'मधील जेराल्ड बार्नी यांनी रेखाटलेला दुहेरी बाण ब्रिटिश रेल्वेचे चिन्ह झाला. मुकुट नाही, आयाळ नाही. केवळ सरळ रेघा. मास्किंगसाठी याहून सोयीचे चिन्ह शोधून सापडणार नाही.

९/
निळ्या डिझेल इंजिनावर पांढरा बाण हवा असेल, तर आधी पांढरा रंग द्यावा. तो पुरता वाळल्यावर बाणाच्या आकारात कापलेली मास्किंग फिल्म चिकटवावी. तिच्या कडांवर पुन्हा पांढऱ्याचाच विरळ फवारा मारावा. कडेखाली काही झिरपलेच, तर पांढऱ्यावर पांढरे दिसत नाही आणि फट बुजते. मग एअरब्रशने निळ्याचे पातळ थर द्यावेत. फिल्म काढताना सरळ वर ओढू नये. ती स्वतःवरच दुमडत, पृष्ठभागालगत, सावकाश सोडवावी.

१०/
दिशेचा प्रश्न मात्र इथेही पाठ सोडत नाही. दुहेरी बाण अर्धा फेरा फिरवला तरी तसाच दिसतो. पण फिल्म पालथी घालून कापली, की तो आरशातला होतो: वरचा बाण उजवीऐवजी डावीकडे वळतो. गाड्यांवर हे चूक. रेल्वेच्या जहाजांवर मात्र डाव्या बाजूला मुद्दाम असाच उलटा बाण रंगवत, म्हणजे वरचा बाण जहाजाच्या नाळेकडे, पुढे पाहील. सिंहाला जी मुभा नाकारली गेली, ती बाणाला समुद्रावर मिळाली.

११/
आणखी एक खूण. ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरील वाफेचे युग ऑगस्ट १९६८ मध्ये संपले आणि तिथल्या वाफेच्या इंजिनांना सिंहच शेवटपर्यंत लाभला. दुहेरी बाण अंगावर घेऊन धावली ती वेल्समधील 'व्हेल ऑफ ऱ्हायडॉल' या अरुंद मार्गावरची निळी इंजिने. तेव्हा मुख्य मार्गावरच्या काळ्या इंजिनाच्या टेंडरवर दुहेरी बाण दिसला, तर ती कल्पनाच समजावी.

१२/
मालक बदलला की चिन्ह बदलते, हा अनुभव मुंबईलाही आहे. १८५३ मध्ये बोरीबंदरहून पहिली गाडी सोडणारी जी. आय. पी. रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वेत विलीन झाली. तिचे चिन्ह आजही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दर्शनी भागावर आहे आणि प्रवेशद्वारावर दगडी सिंह व वाघ बसलेले आहेत. दगड राहिला. इंजिनांवरची जुनी अक्षरे मात्र नव्या रंगाखाली गेली आणि बहुतेक इंजिने भंगारात.

१३/
रंग हा रेल्वेच्या इतिहासातील सर्वांत नाशवंत पुरावा आहे. तो टिकतो छायाचित्रांत, जुन्या नोंदींत आणि टेबलावर वाकून चार मिलिमीटरचा सिंह योग्य दिशेला बसवणाऱ्या हातांत. पुढच्या वेळी काचेच्या कपाटात असे इंजिन दिसले, तर त्याच्या उजव्या बाजूला जाऊन पाहावे. सिंह मागे पाहत असेल, तर ते करणाऱ्याने अभ्यास केला आहे. पुढे पाहत असेल, तर वर्ष विचारावे.