मजुरी

घरात आम्ही स्वतःला ‘हम’ म्हणत वाढलो. त्यामुळे मराठीत लिहायला बसलो की ‘मी’ऐवजी ‘आम्ही’च उतरते. वाचकांनी सांभाळून घ्यावे. तसेही या हकिकतीत आम्ही एकट्या नाही. अम्मी आहे, दोन धाकट्या बहिणी आहेत आणि आता हयात नसलेले अब्बाही आहेत.

अब्बा जाताना मागे फारसे काही ठेवून गेले नाहीत. एक शिलाई मशीन, एक मोठी कात्री आणि १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. सोलापुरात आमच्या गल्लीत अजूनही तिला ‘फियाट’च म्हणतात. ते तसे खोटेही नाही. मूळची ती फियाट ११०० च. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात ती बनू लागली आणि १९७४ पासून तिचे नाव पद्मिनी झाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे सारा देश तिला ओळखतो. त्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि मुंबईच्या रस्त्यावरून ती गेली. त्या दिवशी अम्मीने टीव्हीवर बातमी पाहिली आणि अंगणात जाऊन आमच्या गाडीवरची ताडपत्री नीट केली.

२०२४ मध्ये गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण आले. पंधरा वर्षांवरील मोटारीसाठी २०२२ पासून ही फी ५,००० रुपये झाली होती. इंजिन, ब्रेक, दिवे यांचे काम मेस्त्रीने करून दिले. नोंदणी झाली. राहिले ते आतले काम. पुढची सलग सीट मधोमध बसली होती, मागच्या सीटचे रेक्झिन तडकले होते, छताचे अस्तर लोंबत होते. अम्मी म्हणाली, “मला एकदा त्या गाडीतून गावाला जायचंय, पण अशा गाडीत नाही.”

पुण्यातल्या एका दुकानात धाकटीने चौकशी केली. त्यांनी ९०,००० सांगितले. खऱ्या चामड्याचे त्याहून जास्त. अब्बांनी ती अख्खी गाडी १९९८ साली एका डॉक्टरांकडून १८,००० ला घेतली होती! शेवटी आम्ही मामूंकडे गेलो.

मामू म्हणजे अब्बांचे शागीर्द. नात्याने मामा नव्हेत, पण लहानपणापासून आम्ही मामूच म्हणतो. विजापूर वेशीच्या पुढे त्यांचे कुशनचे दुकान आहे. गाडीत डोके घालून त्यांनी दहा मिनिटे सगळे दाबून पाहिले. मग आमच्याच पर्समधल्या वहीच्या पानावर अंदाज लिहून दिला:

रेक्झिन बारा मीटर, ५,४००. फोम ६,२००. काथ्या आणि गोणपाट ९००. स्प्रिंगांची दुरुस्ती १,५००. छताचे कापड १,४००. दारांच्या पॅडचे हार्डबोर्ड १,१००. खालची मॅट आणि नमदा २,८००. दोरा, पायपिंग, क्लिपा, सोल्युशन १,२००. मालाचे एकूण २०,५००. मजुरी १४,०००. सगळे मिळून ३४,५००.

कागद आम्ही दोनदा वाचला. वरच्या आठ ओळींवर बोट ठेवायचे आमच्या मनातही आले नाही. रेक्झिन मीटरने मिळते, फोम जाडीने आणि घनतेने मिळतो, दुकानदाराचे बिल दाखवता येते. बोट सरळ नवव्या ओळीवर गेले.

“मामू, मजुरी जरा जास्त होतेय. दहा करा ना.”

मामू हसले. “बेटी, ग्यारा देव. उस्ताद की गाडी हय.”

आम्ही खुशीत घरी आलो. तीन हजार वाचले होते. अम्मीला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. वर न पाहता एवढेच म्हणाली, “तुमच्या अब्बांकडूनही लोक असेच पैसे वाचवायचे.”

इथे थोडे मागे जावे लागेल. आम्ही पिंजारी. कोणी नदाफ म्हणते, कोणी मन्सुरी. दादा खांद्यावर धनुकली टाकून थंडीच्या दिवसांत गावोगाव फिरत, लोकांच्या अंगणात बसून गाद्या-रजयांचा कापूस पिंजून देत. ताँय-ताँय असा तो आवाज आणि दादांच्या भुवयांवर साचलेला पांढरा भुरा आम्हाला अजून आठवतो. मग पिंजणाची यंत्रे आली, मागून फोमच्या गाद्या आल्या. अब्बांनी काळ ओळखला आणि गॅरेजमध्ये राहून कुशनचे काम शिकले. जीप, टेम्पो, ट्रक, एस.टी.च्या मापाची बाकडी, जे येईल ते.

गिऱ्हाईक कसे यायचे ते आम्ही दुकानाच्या फळीवर बसून गृहपाठ करताना पाहिले आहे. मालाचे पैसे मुकाट्याने मोजायचे आणि मजुरी आली की म्हणायचे, “चार शिलाया मारायच्या, त्याचे एवढे?” अब्बा पन्नास कमी करत, कधी शंभर. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणत, “माल का भाव कोई नै पूछता, हात का भाव सब पूछते.” आमच्या बी.एड.च्या फीची मुदत होती त्या आठवड्यात अब्बांनी एका बसच्या सगळ्या सीटा रात्री जागून शिवल्या. बोटात दाभण गेले होते. पट्टी बांधून फी भरायला स्वतः आले होते.

आणि आज उर्दू शाळेत गणित शिकवणारी त्यांची मुलगी मजुरीवर बोट ठेवून आली होती.

तिसऱ्या दिवशी मामूंनी बोलावले. पुढची सीट उघडली होती. बाहेरून आपल्याला दिसते ते रेक्झिन. हा शब्दही गंमतीचा आहे. मुळात ते इंग्लंडमधल्या एका कृत्रिम चामड्याचे नाव, आपल्याकडे पीव्हीसीचा थर दिलेल्या प्रत्येक कापडाला तेच नाव पडले. त्याच्या खाली पातळ फोम, मग आणखी एक थर, मग काथ्या, मग गोणपाट आणि सर्वांत खाली लोखंडी चौकटीत स्प्रिंगा. आरामात बसता येते ते या न दिसणाऱ्या थरांमुळे. स्प्रिंग टोचू नये म्हणून गोणपाट, गोणपाट जाणवू नये म्हणून काथ्या. अब्बांनी गोणपाट प्रत्येक स्प्रिंगेला सुतळीने बांधला होता. एकही गाठ सुटलेली नव्हती.

मामूंनी तो मधला थर उचलून आमच्या हातात दिला. कापूस होता.

“देखो, ये बजार की रुई नै. चच्चा ने पिंजे सो हय.”

मामू आमच्या दादांना चच्चा म्हणत. १९९८ साली अब्बांनी गाडी घेऊन पहिल्यांदा आतून केली, तेव्हा दादा थकले होते. धनुकली भिंतीला टांगलेली होती. ती त्यांनी कधी उतरवली, आम्हाला माहीतच नव्हते. कापसाचा बराचसा भाग पावसाच्या ओलीने काळा पडला होता. ड्रायव्हरच्या बाजूचा मात्र सव्वीस वर्षे दबूनही पापुद्र्या-पापुद्र्याने सुटत होता.

“ये मजुरी कित्ती लगाएंगे?” मामूंनी विचारले. टोमणा नव्हता. त्यांना खरेच कळत नसावे.

आम्ही विषय बदलायला विचारले, “किती दिवस लागतील मामू?”

“नौ दिन. मैं और ये छोकरा.”

छोकरा छताच्या तारांवर अस्तर ताणत होता. त्याने मान वळवली तेव्हा ओळखला. आमच्याच शाळेतला. आठवीनंतर यायचा बंद झाला होता. दोनदा घरी निरोप पाठवला होता, तिसऱ्यांदा आम्ही पाठवला नाही.

काळ, काम, वेग. दरवर्षी फळ्यावर लिहितो आम्ही. दोन माणसे, नऊ दिवस, म्हणजे अठरा दिवसांचे काम. अकरा हजार भागिले अठरा. आमच्या ओठांची हालचाल त्याने पाहिली असावी.

“छे सौ ग्यारा, टीचर,” तो म्हणाला. “बाकी दो.”

गणितात तो पहिल्यापासून चांगला होता.

चौदा हजारांचा हिशेब आम्ही घरी येऊन केला. सातशे सत्याहत्तर, बाकी चौदा. त्यातून दुकानाचे भाडे, मशीनचे तेल, विजेचे बिल जायचे. आमचा एका दिवसाचा पगार त्याच्या दुपटीहून अधिक आहे, शिवाय रविवारचाही मिळतो.

काम झाले त्या दिवशी आम्ही ३४,५०० मोजून दिले. मामूंनी तीन हजार वेगळे काढून परत केले. आम्ही घेतले नाहीत. बराच वेळ ‘नको’, ‘घ्या’ चालले. शेवटी त्यांनी ते गल्ल्यात टाकले, पण आमच्याकडे पाहिले नाही. पैसे पुरे दिल्याने आधी केलेली घासाघीस पुसली जात नाही, एवढे आम्हाला तेव्हा कळले.

फोम नवा घातला. मामू म्हणाले, कापूस ओल धरतो, सीटमध्ये परत घालू नका. चांगला निघालेला दीड-दोन किलो कापूस अम्मीने गच्चीवर तीन उन्हे दिला. आता तो पिंजायला हवा. गावात यंत्र आहे, पण अम्मी अजून तिकडे गेलेली नाही. पिशवी तशीच कपाटावर आहे.

अम्मी गाडीतून गावाला जाऊन आली. पुढच्या सीटवर बसली, हाताने रेक्झिन चाचपले आणि म्हणाली, “शिलाई सीधी हय.” आमच्या घरात यापेक्षा मोठी दाद कुणाला मिळाल्याचे ऐकिवात नाही.

त्या मुलाकडे आम्ही अजून दोनदा गेलो. दहावीचा फॉर्म क्रमांक सतरा बाहेरून भरता येतो, हे त्याला सांगितले. तो म्हणाला, “टीचर, दोपहर में दुकान कौन देखेगा?” याचे उत्तर आमच्याकडे तेव्हाही नव्हते. पण फॉर्म आम्ही आणून ठेवला आहे, आणि रविवारी मामूंच्या दुकानाच्या त्याच फळीवर गणिताचे पुस्तक घेऊन बसतो. मामू मशीनचा आवाज तेवढा वेळ बंद ठेवतात. त्या तासाभराची मजुरी ते कुणाकडूनच घेत नाहीत.