एका बाजूचा पान्हा

तेविसाव्या वर्षी, लग्नाआधी, माझ्या उजव्या स्तनातली गाठ काढली होती. गाठ फायब्रोअ‍ॅडिनोमाची, म्हणजे तरुण मुलींत नेहमी आढळणारी, कॅन्सर नसलेली. व्रण दिसू नये म्हणून छेद स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या कडेने घेतला होता. पुढे लग्नात अडचण येऊ नये, एवढीच घरच्यांना काळजी. बाळाला अंगावर पाजता येईल का, हे कुणी विचारले नाही.

ते कळले मानेसरला. ह्यांची नोकरी इथल्या मोटारीच्या कारखान्यात, म्हणून आम्ही पुण्याहून हरियाणात आलो होतो. बाळंतपणाला आई आली. तिसऱ्या दिवशी डावी बाजू दुधाने भरून आली. उजवी जेमतेम ओलावली. आईने अळिवाची खीर केली, शेजारच्या हरियाणवी काकूंनी डिंकाचे लाडू पाठवले. तरी सहाव्या दिवशी बाळाचे चारच लंगोट ओले झाले.

आई म्हणाली, "ऑपरेशन झालेय तुझे, सरळ डब्याचे दूध सुरू कर." सासूबाईंनी फोनवर बजावले, "वरचे काही देऊ नकोस, येईल दूध." दोघींच्या मध्ये बाळ रडत होते आणि मी.

बालरोगतज्ज्ञांनी आधी बाळाचे वजन केले. ते बरेच उतरले होते. मग त्यांनी समजावले. बाळ चोखू लागले की स्तनाग्राच्या नसेतून मेंदूला निरोप जातो. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते, ऑक्सिटोसिनमुळे पान्हा फुटतो. वर्तुळाच्या कडेने छेद घेतला, तर ही नस किंवा दूधनलिका दुखावण्याची शक्यता असते. बाजूने छेद घेऊन छोटी गाठ काढली असेल, तर सहसा फारसा फरक पडत नाही. कालांतराने काही नलिका पुन्हा जुळतात, म्हणून दुसऱ्या खेपेला कधी कधी दूध वाढते.

कॅन्सरमुळे एक स्तन काढला असला, तरी दुसऱ्या स्तनावर बाळ वाढू शकते. किरणोपचार झालेल्या बाजूला मात्र दूध फारच कमी येते, आणि केमोथेरपी किंवा टॅमॉक्सिफेन चालू असताना पाजायचे नसते. अशा वेळी आपल्या डॉक्टरांचाच सल्ला घ्यावा.

माझ्यासाठी उपाय साधा होता. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा आधी दोन्ही बाजूंना पाजायचे, मग कमी पडेल तेवढेच वरचे दूध वाटी-चमच्याने द्यायचे. डब्यावरच्या मापानेच, पातळ न करता. पाचव्या दिवसानंतर रोज निदान सहा लंगोट ओले व्हावेत आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माचे वजन भरून यावे, ही खूण. छाती हलकी वाटते की जड, यावरून अंदाज बांधायचा नाही.

आईचे दूध अपुरे पडणे ही काही नवी गोष्ट नाही. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती अपुऱ्या दिवसांच्या, नाजूक बाळांसाठी. एका आईचे जास्तीचे दूध तिथे दुसरीच्या बाळाला मिळते. तिथल्या बाळंतिणीला कुणी "तुझेच का नाही?" म्हणून हिणवत नसेल, तर घरात तरी का हिणवावे?

तिसऱ्या महिन्यापर्यंत आमचे वरचे दूध दिवसातून दोन वेळांवर आले. पूर्ण कधीच सुटले नाही. लेक मात्र अंगाने भरली. सासूबाई आल्या तेव्हा मी काही सांगण्याआधीच आईने वाटी-चमचा त्यांच्या हाती दिला. त्यांनी नातीला मांडीवर घेतले आणि विचारले, "किती चमचे द्यायचे?"

मुलीच्या छातीवर शस्त्रक्रिया ठरली, तर छेद कुठे घेणार आणि पुढे पाजता येईल का, हे सर्जनना आधीच विचारावे. आणि झालीच असेल, तर बाळंतपणाआधी डॉक्टरांना तो व्रण दाखवावा.